बोटीवरचा स्वयंपाक: कोणती शेगडी, कोणतं इंधन?

नवखा_नाखवा
मंडळी, नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय.

महिन्यापूर्वी एक जुनी शिडाची बोट घेतली. लांबी ९ मीटर, आत चौघांना झोपता येतं. छोटासा ओटा आहे आणि त्यावर दोन बर्नरची गॅसची शेगडी. सिलिंडर मागे सुकाणूजवळच्या बाकाखाली, वेगळ्या कप्प्यात. तिथून रबरी नळी आत येते. नळी किती जुनी ते देव जाणे. आधीच्या मालकाला विचारलं तर म्हणाला, "मी घेतली तेव्हाही हीच होती."

आम्ही दोघं आणि दोन मुलं, धाकटं सहा वर्षांचं. बहुतेक शनिवार-रविवार आणि वर्षातून एखादी आठ-दहा दिवसांची सफर. बायको म्हणते, पेटणारं काही नकोच, विजेवर करू. भाऊ म्हणतो, स्पिरिटची शेगडी घे. मला वाटतं, गॅस आहेच तर नळी बदलून तोच वापरावा. कप्पा वेगळा आहे म्हणजे निम्मं काम झालेलंच आहे ना?

बोटीवर स्वतः रांधलेल्यांनी सांगा.

कप्पी
गॅस. बाकी सगळी खेळणी. पंधरा वर्षं वापरतोय, काही झालेलं नाही.

तिरकस
"काही झालेलं नाही" असं सांगायला ज्याला काही झालेलं नाही तोच येतो, कप्पीभाऊ. :)

ओला_दोरखंड
नवखा, आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. घरात गॅस गळला तर दाराखालच्या फटीतून, मोरीतून थोडा तरी बाहेर जातो. बोटीला खाली फट नसते. असती तर ती बुडाली असती. बोट म्हणजे एक वाडगा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड: प्रोपेन सुमारे दीडपट, ब्युटेन सुमारे दुप्पट. गळलेला गॅस पाण्यासारखा उतरत उतरत बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या अगदी तळच्या पोकळीत जातो आणि तिथेच बसून राहतो. वरची खिडकी उघडून तो जात नाही.

आता हिशोब करा. अर्धा किलो प्रोपेन गळला तर त्याची साधारण २७० लिटर वाफ होते. हवेत प्रोपेन २.१ टक्के झाला की ठिणगीला पुरतो. म्हणजे २७० लिटरमध्ये जवळजवळ १३ घनमीटर हवा स्फोटक होऊ शकते. तुमच्या बोटीची अख्खी केबिन याच्याच आसपास असेल. शिवाय गॅस सगळीकडे सारखा पसरायची गरज नाही. खाली साचलेला थर आणि बिल्ज पंपाच्या स्विचची ठिणगी एवढंच पुरे.

हे घाबरवायला सांगत नाही. मी स्वतः गॅसच वापरतो, कप्पीसारखाच. पण तो वापरायचा तर गळती झाली तरी गॅस आत येणार नाही अशी मांडणी लागते. सिलिंडरचा कप्पा आतल्या बाजूला पूर्ण हवाबंद हवा, झाकण वरून उघडणारं आणि थेट उघड्या हवेत हवं. तळाला निचऱ्याची नळी हवी, ती सतत खालच्या दिशेने उतरत बोटीबाहेर गेलेली आणि तिचं तोंड पाण्याच्या पातळीच्या वर. एबीवायसी या बोटींची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या ए-१ मानकात ही नळी किमान अर्धा इंच आहे, आयएसओ १०२३९ या आंतरराष्ट्रीय मानकात १९ मिलिमीटर. तिचं तोंड खिडकी, दार किंवा इंजिनाच्या हवेच्या झडपेपासून निदान अर्धा मीटर लांब असावं.

तुमचा कप्पा "वेगळा" आहे, ठीक. पण तो हवाबंद आहे का?

नवखा_नाखवा
काका, दिसायला तरी अगदी व्यवस्थित आहे. फायबरचा डबा आहे, तळाला निचऱ्याचं भोकही आहे.

ओला_दोरखंड
भोक आहे, पण ते उघडतं कुठे? सिलिंडर बाहेर काढा, कप्प्यात बादलीभर पाणी ओता आणि पाणी कुठून बाहेर येतं ते बघा. मग बोलू.

तिरकस
गॅसचं हे सगळं पुराण ऐकल्यावर माझं मत नवख्याच्या भावाला. बिनदाबाची स्पिरिटची शेगडी. डब्यात न जळणारा कापसासारखा भराव असतो, तो स्पिरिट शोषून धरतो. डबा उलटा झाला तरी भळाभळा सांडत नाही. नळी नाही, रेग्युलेटर नाही, सिलिंडर नाही. काडी लावली की पेटते, झाकण सरकवलं की विझते. बंद करायला विसरलात तरी बिल्जमध्ये स्फोटाइतकी वाफ साचत नाही.

तोटा एकच, वेळ लागतो. किलोमागे स्पिरिटची उष्णता साधारण २७ मेगाजूल, गॅसची ४६. गॅसवर जे पाणी पाच मिनिटांत उकळतं त्याला इथे दहा धरा. बोटीवर घाई कुणाला असते?

रसायनी
तिरकस, निम्मं बरोबर आणि निम्मं धोक्याचं. :) माझा पेशाच ज्वलनशील द्रवांशी खेळण्याचा, म्हणून जरा लांबण लावते.

एक, जुन्या बोटींवर दाबाच्या स्पिरिट शेगड्या अजून सापडतात. टाकीत हवा भरायची, बर्नर आधी तापवायचा, मग वाफ पेटवायची. बर्नर नीट तापला नसेल तर वाफेऐवजी पातळ स्पिरिटच उडतं आणि जळतं स्पिरिट ओट्यावरून वाहू लागतं. स्पिरिटची बदनामी झाली ती या जातीमुळे. बिनदाबाची वेगळी. विकत घेताना पंपाची मूठ दिसली तर परत ठेवून द्या.

दोन, स्पिरिट म्हणजे मुख्यतः इथेनॉल, आणि शुद्ध इथेनॉलचा ज्वलनबिंदू (ज्या तापमानाला पेटण्याइतकी वाफ सुटते तो) सुमारे १३ अंश सेल्सियस. म्हणजे उबदार केबिनमध्ये उघड्या डब्यावर पेटणारी वाफ असतेच. ज्योत फिकट निळी, उन्हात जवळजवळ दिसत नाही. बहुतेक भाजण्याचं कारण तेच: शेगडी विझली असं वाटतं, माणूस वरून स्पिरिट ओततो आणि हातातली बाटली पेटते. डबा बाहेर काढायचा, गार होऊ द्यायचा, उघड्यावर भरायचा, वरचं पुसायचं, मग परत बसवायचा. यात "थोडंसंच टाकतो" असलं काही नाही.

तीन, "स्पिरिटची आग पाण्याने विझते" हे प्रत्येक जण सांगतो. विझते, पण भरपूर पाण्याने. निम्मं स्पिरिट निम्मं पाणी असलेलं मिश्रणसुद्धा गरम दिवसात पेट घेतं. पेलाभर पाणी टाकलंत तर आग विझणार नाही, फक्त ओट्यावरून खाली जमिनीवर येईल. आगीचं ब्लँकेट जास्त कामाचं.

हे सगळं मान्य असूनही, लहान बोट आणि थोडा वापर असेल तर बिनदाबाच्या स्पिरिट शेगडीला माझं मत. तिची चूक ओट्यावर, डोळ्यांसमोर होते. गॅसची चूक पायाखाली होते आणि दिसत नाही.

भरतीओहोटी
+१. शेवटचा परिच्छेद छापून ओट्यावर चिकटवावा.

काकडा
रॉकेलचं कुणी नावच काढेना, म्हणून आलो. सदस्यनाम बघून अंदाज आलाच असेल.

दाबाची रॉकेलची शेगडी १८९२ साली स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने केली, तीच ती प्रायमस. ध्रुवाकडे जाणाऱ्यांपासून दर्यावर्दींपर्यंत सगळ्यांनी वापरली. कारण सोपं: रॉकेलचा ज्वलनबिंदू ३८ अंशांच्या वर, त्यामुळे सांडलं तर पुसायचं, लगेच पेटत नाही. उष्णता किलोमागे ४३ मेगाजूलच्या आसपास, गॅसच्या जवळपास. लांबच्या सफरीत दहा लिटर रॉकेल कितीतरी दिवस पुरतं आणि बिल्जमध्ये वाफ साचायची भीती जवळजवळ नाही.

मग अडचण काय? आपण. काकडा स्पिरिटात बुडवून बर्नरला लावायचा, तो पूर्ण जळेपर्यंत थांबायचं आणि मगच हवा मारायची. थांबवत नाही. मग पिवळी ज्योत छताला लागते, काजळी धरते आणि घरचे म्हणतात "ही ब्याद बाहेर काढा". मी पहिल्या वर्षी केबिनचं छत दोनदा रंगवलं. तेव्हापासून काकडा विझायच्या बेतात आला की मनात वीस आकडे मोजतो. पिन मारायला शिका, वॉशर जवळ ठेवा. रॉकेल स्वच्छ घ्या, नाहीतर बर्नर कोंडतो. आणि हो, शेगडीच्या आवाजात रेडिओ ऐकू येत नाही.

तिरकस
थोडक्यात, रॉकेल सुरक्षित आहे, फक्त छत रंगवायला रंगारी लागतो.

काकडा
हो. आणि रंगारी बोटीवरच राहतो, त्यामुळे मजुरी पडत नाही.

कप्पी
डिझेल राहिलं की. इंजिनाची टाकी आहेच, त्यातूनच घ्यायचं. फिनलंडच्या वॉलसच्या काचेच्या पृष्ठभागाच्या शेगड्या बघितल्यात, धूर नळीने थेट बाहेर जातो, केबिनमध्ये ज्योतच नाही. पण तापायला वेळ लावतात, पेटताना वीज खातात आणि उकाड्यात केबिनची भट्टी होते. थंड पाण्यात फिरणाऱ्यांना वरदान, बाकीच्यांनी सोडून द्या.

वॉटमीटर
वहिनींची बाजू मांडतो. इंडक्शन म्हणजे ज्योत नाही, गळती नाही, केबिनमध्ये जळणाचा वाफारा नाही. गॅसच्या शेगडीवर निम्म्याहून जास्त उष्णता भांड्याच्या कडेने निघून जाते, इंडक्शनमध्ये ८०-८५ टक्के भांड्यात उतरते.

आता आकडे, कारण या विषयात लोक भावनेने बोलतात. १८०० वॉटची शेगडी पूर्ण जोरात चालली तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून १५० अँपिअर, इन्व्हर्टरचा तोटा धरून १६५ च्या पुढे. एवढ्या प्रवाहाला बोटभर जाडीची, शक्य तितकी आखूड केबल लागते. बॅटरीलगत योग्य फ्यूज लागतो आणि जोड सैल राहून चालत नाही. सैल जोड तापतो आणि "पेटणारं काही नको" म्हणून घेतलेली शेगडीच आग लावते. गॅस काढून इंडक्शन बसवलं की धोका संपत नाही, ओट्यावरून बॅटरीच्या कप्प्यात जातो.

साठ्याचं बघा. सरासरी १००० वॉटवर अर्धा तास म्हणजे ५०० वॉट-तास. १०० अँपिअर-तासाच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत जवळजवळ १२८० वॉट-तास असतात. म्हणजे दिवसाला दोन स्वयंपाक जेमतेम, आणि दिवे, पंप, रेडिओ वेगळे. ढगाळ दिवस दोन-तीन लागोपाठ आले की सोलर पॅनलच्या भरवशावर उपाशी राहाल. साध्या लेड-ॲसिड बॅटरीवर हा प्रयोग करूच नका. एवढ्या भाराखाली तिचा व्होल्टेज बसतो आणि निम्म्याच्या खाली ती रिकामी करायची नसते.

दोनशे-तीनशे अँपिअर-तास लिथियम आणि चार्जिंगची चांगली सोय असेल तर वहिनी बरोबर. नसेल तर धक्क्याला लागल्यावर किनाऱ्याच्या विजेवर इंडक्शन आणि नांगरावर दुसरं काहीतरी, ही तडजोड पुष्कळ जण करतात.

नवखा_नाखवा
सध्या एक जुनी लेड-ॲसिड आहे, ७० अँपिअर-तास. म्हणजे बायकोला निदान या वर्षी तरी नाही म्हणावं लागेल. (हे तुम्ही सांगितलंत असं तिला सांगतो.)

सहलीची छोटी कॅसेट शेगडी कशी? ब्युटेनचा डबा खोबणीत बसवायचा, संपला की फेकायचा. स्वस्त आणि सोपी.

रसायनी
केबिनमध्ये नको. डबा ज्योतीच्या शेजारीच बसतो. मोठं पातेलं किंवा तवा ठेवला की त्याच्या काठावरची उष्णता डब्यावर पडते आणि आतला दाब चढत जातो. खोबणीतला रबरी वॉशर झिजला की गळती थेट केबिनमध्ये. शेगडी हलत्या बोटीला बांधलेली नसते ते वेगळंच. नांगरलेल्या बोटीवर, उघड्या डेकवर, वारा बघून वापरा हवं तर. अर्धवट डबे आत ठेवू नका, तेही गॅसच आहेत. आणि थंडीत ब्युटेन रुसतं, शून्याच्या जरा खाली त्याची वाफच होत नाही.

ज्योतीचं काहीही वापरलंत तरी दोन गोष्टी सुटत नाहीत. पहिली पाणी. एक किलो गॅस जळला की साधारण १.६ किलो पाण्याची वाफ होते. सकाळी गादी ओली का, ते यात आहे. दुसरी कार्बन मोनॉक्साइड. ज्योतीला हवा कमी पडली की तो तयार होतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने चिकटतो. वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं आणि बोटीवर प्रत्येकाला वाटतं की बोट लागली. थंडी आहे म्हणून सगळ्या झडपा बंद करून शेगडीवर केबिन गरम करणारे असेच जातात. कोळशाची शेगडी तर विझत आलेलीसुद्धा आत आणायची नाही.

ईएन ५०२९१-२ मानकाचा अलार्म लावा, बोटी आणि कॅराव्हॅनसाठी तेच आहे. इंग्लंडच्या कालव्यांवरच्या बोटींना तर १ एप्रिल २०१९ पासून कार्बन मोनॉक्साइड अलार्म सक्तीचा झाला.

नवखा_नाखवा
गॅसचा अलार्म आणि हा अलार्म एकच ना?

रसायनी
नाही नाही. हा हवेइतकाच हलका वायू, त्याचा अलार्म झोपायच्या जागेजवळ. स्वयंपाकाच्या गॅसचा सेन्सर खाली, बिल्जच्या वर पण पाण्यात बुडणार नाही असा. त्याच्या आसपास सिलिकॉन सीलंट वापरू नका, त्या वाफेने सेन्सर मरतो आणि दिवा मात्र हिरवाच राहतो.

भरतीओहोटी
इतकी चर्चा झाली पण कुणी भाजण्याबद्दल बोललं नाही. स्फोट क्वचित होतो. उकळतं पाणी मांडीवर पडणं रोजचं आहे.

माझ्या मांडीवर पडलंय. शेगडी जिंबलवर होती, म्हणजे बोट कलली तरी ती सपाट राहणारी. मला वाटलं, झालं काम. पण ओव्हनचं दार उघडलं, दाराचं वजन पुढे आलं, शेगडी पुढे झुकली आणि वरचं पातेलं माझ्या अंगावर. दार उघडण्याआधी जिंबलची कडी लावायची असते, हे त्या दिवशी शिकले. सहा आठवडे लागले.

तेव्हापासून कुठलंही इंधन असो, चालत्या बोटीवर हे करतेच: भांड्याला दोन्ही बाजूंनी पकड, भांडं निम्म्यापेक्षा जास्त भरायचं नाही, अंगात जाड वॉटरप्रूफ पॅन्ट, उकाडा असला तरी. प्रेशर कुकरसारखं भांडं नाही: झाकण घट्ट, शिट्टी न होऊ देताही साध्या पातेल्यासारखं वापरता येतं आणि इंधनही कमी लागतं. शेगडीपुढे आडवा दांडा हवा, म्हणजे तोल गेला तर हात बर्नरवर जाणार नाही. कमरेला बांधायचा पट्टा असतो, पण मी तो शेगडीसमोर बांधत नाही. भांडं सांडलं तर मागे पळता आलं पाहिजे. आणि ब्लँकेट, विझवायचं सिलिंडर शेगडीच्या मागे टांगू नका हो. आगीवरून हात घालून कोण काढणार?

धाकटं सहा वर्षांचं आहे म्हणून जास्त लिहिलं.

कप्पी
ताई, दाराचं हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. माझ्या शेगडीला कडी आहे की नाही तेही आठवत नाही. उद्या बघतो.

नवखा_नाखवा
मंडळी, बादलीभर पाण्याचा निकाल आला.

कप्प्यातून सिलिंडर काढला, पाणी ओतलं. निचऱ्याच्या भोकातून पाणी गेलं, पण बोटीबाहेर आलंच नाही. पाठोपाठ बिल्ज पंप सुरू झाला. भोकाला नळीच नव्हती, कप्प्याखाली ते उघडंच होतं. आणि कप्प्याच्या बाजूच्या भिंतीतून कुणीतरी मागच्या दिव्याची वायर नेलीय, तिच्याभोवती अंगठा जाईल एवढी फट. म्हणजे इतके दिवस आम्ही ज्याला वेगळा कप्पा समजत होतो तो गॅससाठी बिल्जचा जिनाच होता.

पाय लटपटले, खोटं कशाला सांगू. गेल्याच आठवड्यात मुलांना घेऊन रात्री मुक्काम केला होता.

सिलिंडर तिथेच उतरवून किनाऱ्यावर उघड्या जागी ठेवलाय.

ओला_दोरखंड
उत्तम केलंत. तुमच्यासारखे कप्पे मी डझनभर बघितलेत, लाजायचं कारण नाही.

पुढे कधी गॅस परत आणलात तर क्रम सांगून ठेवतो. कप्पा हवाबंद, वायरी बाहेरून. नळी नवी, कप्प्यापासून शेगडीपर्यंत अखंड, मध्ये एकही जोड नाही. भिंतीतून जाते तिथे घासू नये म्हणून रबरी कडं. प्रत्येक बर्नरला ज्योत विझली की गॅस तोडणारं उपकरण. कप्प्यातच सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडझाक होणारी झडप) आणि त्याचा स्विच ज्योतीवरून हात न नेता पोहोचेल असा. रेग्युलेटरच्या आधी प्रेशर गेज. त्या गेजचा उपयोग असा: बर्नर बंद, सिलिंडर उघडा, काटा वर आला की सिलिंडर बंद करा आणि सोलेनॉइड चालूच ठेवा. तीन मिनिटं काटा जागचा हलता कामा नये. हलला तर साबणाच्या पाण्याने जोड तपासा. अमोनियावालं साबण नको, पितळेला तडे जातात. काडी लावून तर मुळीच नाही, हे सांगावं लागू नये पण लोक करतात. सिलिंडर बदलला की ही तपासणी, आणि मोठ्या सफरीला निघतानाही.

रोज स्वयंपाक झाला की आधी सिलिंडर बंद, नळीतला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्या, मग बर्नर बंद.

नवखा_नाखवा
काका, एवढं काम या हंगामात होणार नाही. घरी बसून ठरवलं ते असं: या वर्षी दोन डब्यांची बिनदाबाची स्पिरिट शेगडी, जुन्या शेगडीच्याच जिंबलवर बसवतोय. स्पिरिट भरायचं काम फक्त माझं, किनाऱ्यावर, सकाळी डबे गार असताना. सुटं स्पिरिट केबिनमध्ये ठेवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मागवला. ब्लँकेट दाराच्या चौकटीजवळ. चालत्या बोटीत स्वयंपाक नाही, सकाळीच करून निघायचं. धाकट्यासाठी ओट्यासमोर जमिनीवर लाल पट्टी चिकटवलीय, शेगडी पेटली की त्याने पट्टीच्या पलीकडे. तो आता पट्टीवर अंगठा ठेवून उभा राहतो आणि विचारतो, "हे चालतं का?"

पुढच्या वर्षी बॅटऱ्या बदलणारच आहे, तेव्हा वॉटमीटर साहेबांना त्रास देईन. बायकोने आत्तापासूनच दिवस मोजायला सुरुवात केलीय.

वॉटमीटर
वहिनींना सांगा, केबलची लांबी मोजून ठेवा. बाकीचं त्यावरच ठरतं.

काकडा
रॉकेलचा विचार केलाच नाहीत, ठीक आहे. रंग उरलाय माझ्याकडे.

ओला_दोरखंड
एक राहिलं. ती जुनी नळी टाकण्याआधी कात्रीने मधोमध कापा. नाहीतर धक्क्यावरच्या कचऱ्यातून कुणीतरी उचलतो, चांगली दिसते म्हणून, आणि बसवतो.

नवखा_नाखवा
कापली. आतून भेगाच भेगा होत्या.